हादऱ्यांचं टेबल

शिरुडे बाईंनी चौतीस वर्षं
वस्तू हादरवल्या.
असं त्या स्वतःच सांगतात,
सोसायटीत कुणी कौतुकानं विचारलंच तर:
"आकाशात मी काही पाठवलं नाही हो.
मी नुसती हादरवायचे."

उपग्रह टेबलावर आवळायचा
आणि खालून धक्के द्यायचे,
आधी जात्यावरच्या हातासारखे,
मग असे, की बघणाऱ्याचे दात आपोआप मिटावेत.
जे निखळायचंय ते इथेच निखळू दे,
वर पाना घेऊन जाणारं
कुणी नसतं.

निवृत्तीला शाल, नारळ
आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
घड्याळ त्यांनी पहिल्याच रात्री खोललं.
एकसष्टाव्या वर्षी साठ मीटर दोर घेतला,
बासष्टाव्या वर्षी कापडी पंख,
त्रेसष्टाव्या वर्षी हात गळ्यात.
"उडणं बरोबर होतं," म्हणाल्या,
"उतरणं चुकलं."
मुलगा फोनवर ओरडायचा.
त्या फोन कानापासून वीतभर लांब धरून
पोळी उलटायच्या.

मी दातीर, तळमजल्यावरचा, विमा कचेरीतला.
माणसाला काय काय होऊ शकतं
याचे तक्ते मला पाठ.
दोर धरायला त्यांनी मलाच निवडलं,
कारण पाणीपट्टीच्या नोटिशीत
माझी बेरीज बरोबर होती.

त्यांच्या मसाल्याच्या डब्यात
मोहरी आणि जिऱ्याच्या मधल्या वाटीत
एक बोल्ट आहे.
एकदा फोडणीला तेल तापत असताना म्हणाल्या,
"याचा जुळा समुद्रात आहे.
टेबलावर टिकला होता.
अहवालावर सही माझी होती."
मोहरी करपली.
आम्ही तशीच आमटी जेवलो.

मग तो हरिहर.
निरगुडपाड्यात गुळाचा चहा,
कातळात कोरलेल्या पायऱ्या, शिडीसारख्या उभ्या,
हात घालायला खोबणी,
खोबणीत कुणाच्या तरी बोटांनी घासून आलेली झिलई.
अर्ध्यावर मी खाली पाहिलं.
पाहायचं नव्हतं.
डावा गुडघा शिलाई मशीनसारखा सुटला,
थांबेचना.
माझे सगळे तक्ते एकदम आठवले,
वारसदाराच्या रकान्यासकट.

बाई वरून दोन पायऱ्या उतरल्या,
माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
दाबला नाही. नुसता ठेवला,
डॉक्टर पोटावर ठेवतात तसा.
"सेकंदाला सहा," म्हणाल्या. "छान आहे.
हलू द्या.
हलतं म्हणून काही मोडत नाही, दातीर.
बाहेरच्याची आणि आतल्याची
लय नेमकी जुळली, तर मोडतं.
तुम्ही फक्त लय चुकवा.
काहीही म्हणा. पाढा म्हणा."

एकोणतीसचा पाढा म्हणत
मी हरिहर चढलो.
एकोणतीस सत्ते चुकला.
त्यांनी वरूनच दुरुस्त केला.

माथ्यावर वारा होता, एक माकड होतं,
आणि आमची बिस्किटं माकडाकडे होती.
मी विचारलं, तुमचं एखादं अजून फिरतंय का वर?
"एक आहे. बॅटरी मेलीय, बोलत नाही.
पण एकही स्क्रू सुटला नसेल."
आणि मग बराच वेळ
त्या बुटांची नाडी बांधत बसल्या.

परतताना त्र्यंबकहून एसटी,
खिडकीची काच थडथडत होती.
"चाळीसच्या पुढे गेला की गप्प बसेल," त्या म्हणाल्या.
ड्रायव्हरनं गाडी रेटली,
काच गप्प बसली.
बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच ती बसवली होती.

सातपूरला सिग्नल लागला, वेग उतरला,
काच पुन्हा सुरू झाली.
बाईंना झोप लागली होती,
डोकं त्याच काचेला टेकलेलं.
मी हात लांब करून
तळवा काचेवर ठेवला.
दाबला नाही.
नुसता ठेवला.